इल्झेबाईंची शोकसभा

श्रावण मनवर यांनी तीस वर्षं एसटीच्या निरनिराळ्या बसस्थानकांवर गाड्यांची घोषणा केली आणि दिग्रसला निवृत्त झाले. स्वतःच्या आवाजाबद्दल त्यांचं मत फार बरं नव्हतं. आवाज म्हणजे काय, हे आपल्याला एकाच बाईमुळे कळलं, असं ते सांगत.

ती बाई म्हणजे ऑस्ट्रियाची गायिका इल्झे ब्रांदनर. पांढरकवड्याला असताना मुकुटबनच्या गाडीत त्यांना तिची कॅसेट सापडली होती. झरीकडे कोलामी भाषेचा अभ्यास करायला आलेली कुणी परदेशी बाई ती सीटवर विसरून गेली. सहा महिने कुणी मागायला आलं नाही, तेव्हा श्रावणरावांनी ती टेपवर लावली. शब्द एकही कळला नाही. पण आवाज वर चढत गेला, आता संपला असं वाटलं तिथून आणखी वर गेला, आणि मग मणी ओघळावेत तसा एकेक स्वर वेगळा ठेवत खाली आला. त्या दिवशी पाटणबोरीची गाडी घोषणेविनाच सुटली.

पुढे मोबाइल आल्यावर त्यांनी तिची सगळी कारकीर्द शोधून काढली. ऑपेरात इतक्या उंच आणि चपळ आवाजाच्या बाया फार थोड्या असतात, हे त्यांना समजलं. सगळ्यात आवडलं ते हे, की बावन्नाव्या वर्षी तिने आपली सर्वांत गाजलेली भूमिका स्वतःहून सोडली. वरचा स्वर आता हवा तसा स्वच्छ लागत नाही, असं तिने सरळ सांगून टाकलं. काम जमत नाही म्हणून खुर्ची सोडणारा माणूस श्रावणरावांनी सबंध नोकरीत पाहिला नव्हता.

गावात या भक्तीची चेष्टाच व्हायची. निवृत्त मुख्याध्यापिका विमलताई देशकर यांनी एकदा अर्धा मिनिट ऐकून मांजराची शेपटी दारात सापडली का, असं विचारलं होतं. सत्यशीलाबाई, म्हणजे श्रावणरावांच्या पत्नी, इतकंच म्हणायच्या की दार लावून ऐका.

गेल्या वर्षी इल्झेबाईंना सत्तर वर्षं पूर्ण झाली. श्रावणरावांनी तीन आठवडे खपून लेख लिहिला आणि गावातल्या साप्ताहिकाला दिला. शेवटचं वाक्य होतं, ‘असा आवाज पुन्हा होणे नाही.’ संपादक गोपालराव पद्मावार यांनी पहिलं वाक्य वाचलं, शेवटचं वाचलं आणि फोटो पाहिला. एखाद्या बाईबद्दल इतकं चांगलं लिहिलंय म्हणजे ती गेली असणार, असं ते धरून चालले. लेख काळ्या चौकटीत छापून आला. मथळा होता, ‘स्वर हरपला’.

श्रावणराव तावातावाने साप्ताहिकाच्या कचेरीकडे निघाले. वाटेत दोघांनी त्यांचा हात हातात घेऊन सांत्वन केलं. चहाच्या टपरीवाल्या फुलसिंग जाधवने पैसे न घेता चहा पुढे केला. आणि कचेरीत विमलताई आधीच बसलेल्या होत्या. रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये शोकसभा ठरली होती, अध्यक्ष त्याच होत्या, आणि दिवंगतांचं एखादं गाणं श्रावणरावांनी ऐकवावं अशी त्यांची इच्छा होती.

त्या गेल्यावर श्रावणराव संपादकांना म्हणाले, “गोपालराव, बाई जिवंत हाये.”

गोपालरावांनी टेबलावरचा अंक पालथा घातला. मग म्हणाले, “पुढच्या अंकात दुरुस्ती छापतो ना. पण सभा रद्द होईन, भाऊ. मंग तुमच्या बाईले इथं कोण आयकन?”

श्रावणराव घरी आले, खरं काय ते फक्त सत्यशीलाबाईंना सांगितलं आणि रविवारी लावायचं गाणं निवडू लागले.

सभेला साठ-सत्तर माणसं आली. एका वक्त्याने दिवंगत गायिकेला आपण लहानपणी रेडिओवर नेहमी ऐकायचो, असं सांगितलं. विमलताई वीस मिनिटं बोलल्या, आणि खरोखर सुंदर बोलल्या. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. मग श्रावणरावांनी गाणं लावलं. अकरा मिनिटं कुणी खोकलंसुद्धा नाही. मागच्या रांगेत एक बाई डोळे पुसत होती. श्रावणरावांना आयुष्यात इतका आनंद झाला नव्हता आणि इतकी लाजही वाटली नव्हती.

परत येताना सत्यशीलाबाईंनी विचारलं, “जित्त्या माणसाची शोकसभा करून आले. बरं वाटलं?”

“बरं वाटलं,” श्रावणराव म्हणाले. “तेच तर वाईट झालं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला, पायलला, सगळं सांगितलं आणि तिच्याकडून इंग्रजीत माफीचा ईमेल लिहून घेतला. उत्तर येईल असं दोघांनाही वाटलं नव्हतं. नवव्या दिवशी आलं. इल्झेबाईंनी लिहिलं होतं, की त्या आता चार मुलींना गाणं शिकवतात. सत्तराव्या वाढदिवसाला त्यांच्या स्वतःच्या शहरातल्या वर्तमानपत्राने एक ओळही छापली नाही. दिग्रसमध्ये सत्तर माणसं आपल्यासाठी दोन मिनिटं उभी राहिली, याबद्दल त्या आभारी होत्या. खरोखर मरण आलं तर एवढी माणसं जमतील का, याची त्यांना शंका होती.

त्या पत्राची प्रिंट काढून श्रावणराव गोपालरावांकडे गेले. वारलेल्या माणसाचं पत्र छापता येत नाही, असं संपादकांनी सांगितलं. दुरुस्तीची जागा जाहिरातीला गेली होती. विमलताईंनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी करून परत दिलं. भाषण फार चांगलं झालं होतं, त्याची लोक अजून आठवण काढतात, तेव्हा हा विषय आता वाढवू नये, असं त्यांचं मत पडलं. श्रावणराव आणखी सात-आठ घरी गेले. बाई जिवंत आहे म्हटल्यावर लोकांचे चेहरे फसवल्यासारखे व्हायचे.

शेवटी ते टपरीवर आले. फुलसिंगने ऐकून घेतलं आणि गाळणी खाली ठेवली.

“जिवंत हाये ना? मंग अजून एक डाव लावा. त्या दिवशी तोंड पाडून बसा लागलं, धड आयकता नाही आलं.”

पुढच्या रविवारी मनवरांच्या घरी चार जण जमले. सत्यशीलाबाई भाजी निवडत आत होत्या, त्या परात घेऊन बाहेर येऊन बसल्या. गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा फुलसिंगने हात वर करून थांबवायला सांगितलं.

“हे बाई श्वास कुठं घेते?”

इतक्या वर्षांत श्रावणरावांना हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी गाणं थोडं मागे नेलं, आवाज वाढवला, आणि सगळे तो श्वास शोधायला पुढे वाकले.