गेटवरचे पोहे

ब्रिस्टलला आमच्या कारखान्यात संप होता. थंडीत गेटवर उभ्या असलेल्यांसाठी मी डबाभर गरम पोहे नेले. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या नोरीनने हसून डबा घेतला. तिचे आजोबा आयर्लंडहून इथे गोदीत हमालीला आले आणि युनियन उभारण्यात म्हातारे झाले.

मी कामावर आत जायला निघाले, तशी तिने डबा न उघडताच परत दिला.

"संप मोडून आत जाणाऱ्याच्या हातचं आमच्या घरात कुणी खात नाही."

मी भडकलेच. हातचं न खाणारे मी गावाकडे काय कमी पाहिलेत? पण तिथे ते माझ्या जन्मावरून ठरायचं. इथे, मी कुठे उभी राहते त्यावरून.

मी वळले आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"खा आता," मी म्हटलं, "गार झालेत."