कापलेली कड

मोठ्या डॉक्टरांना माझी मळकी कड खुपली. तिच्यावर काय लिहिलंय, ते वाचायला मात्र त्यांना सवड झाली नाही.

मित्रांनो, मी दवाखान्यातली एक जुनी वही आहे. कोणतं औषध, किती, किती दिवस, सगळं माझ्या पोटात. छापखान्याचं तोंड मी पाहिलेलं नाही, पण मला विचारल्याशिवाय इथे सुई टोचली जात नसे. नवी पुस्तकं इथवर पोचत नाहीत. फोनला रेंज नाही. गच्चीवर मिळालीच, तर नेटवरचं औषधांचं पान उघडायच्या आधी पासवर्ड मागतं.

मला लिहिलं आधीच्या डॉक्टरबाईंनी. वर्षातून एकदा त्या शहरात शिकायला जात. परतल्या की चप्पल काढायच्या आधी, जे बदललं ते लाल शाईने माझ्या कडेला उतरवत. एका इंजेक्शनपुढे निळ्या शाईत ‘चौदा दिवस’ होतं. कडेला बाईंनी लिहिलं, ‘सात दिवसांपुढे नको. कान जातात.’

बाई निवृत्त झाल्या. मोठे डॉक्टर आले, भारी टापटिपीचे. तपासणीला साहेब येणार म्हणून त्यांनी मला बाइंडरकडे धाडलं. त्याने नवा पुठ्ठा चढवला आणि कडा सरळ दिसाव्यात म्हणून दोन बोटं रुंद कापून टाकल्या. बाईंची लाल शाई त्याच्या केरात गेली. साहेबांनी मला उलटसुलट करून वाखाणलं. मीही फुगले, खोटं कशाला सांगू?

मग सफाईवाल्या मावशींची मुलगी तापाने फणफणली. मोठ्या डॉक्टरांनी मला उघडलं, दोनदा वाचलं. तेच इंजेक्शन, चौदा दिवस, एकही चुकवला नाही त्यांनी. ताप उतरला. मावशींनी त्यांचे पाय धरले.

पोरीला एक खोड होती. आईची बादली खणखणली की असेल तिथून धावत यायची. घरी जायच्या दिवशी मावशींनी बादली खाली ठेवली. पोर खिडकीबाहेरच बघत राहिली. मावशींनी बादली उचलून आपटली. पुन्हा आपटली.

मोठे डॉक्टर खाली बघत म्हणाले, “मावशी, वहीत तसंच लिहिलं होतं.”

मित्रांनो, जुन्या वहीची कड मळकी दिसली, तर कापायच्या आधी एकदा वाचा. एवढंच मागते.

आज मोठे डॉक्टर पुन्हा मला उघडून बसलेत. बोट त्याच ओळीवर आहे. त्यांना ऐकू जाणार नाही, तरी बोलतेच.

“डॉक्टर, माझ्यावर ढकलू नका. माझ्या कडेला ‘सात’ लिहिलं होतं. तुम्हाला मी देखणी हवी होते, म्हणून पोरीचे कान गेले.”