सक्रिय विराम

मागोलाने बहिणीचा निळा स्वेटर डोक्यावरून ओढून घेतला, केस कानांमागे सारले आणि खिडकीतल्या कुंडीला टेकवून ठेवलेल्या फोनसमोर ती उभी राहिली. स्वेटरच्या छातीवर कंपनीचे बोधचिन्ह होते. पडद्यावर चेहऱ्यांचे चौकोन एकेक करून उजळले. तिच्या चौकोनाखाली नाव होते, नोहोरा पिराकीवे. खरी नोहोरा कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर, जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉपवर वाकून कोर्टातल्या साक्षींमधले स्वल्पविराम दुरुस्त करत होती.

"दोन्या नोहोरा, आज जरा दया करा," फोनमधून प्रशिक्षक विल्मार म्हणाला. "परवा तुम्ही वाकलात ते बघून हिशेबखात्याची मंडळी रुसलीत."

"त्यांना म्हणावं, आधी पोटं आत घ्या, प्रोफेसर. मग रुसा."

चौकोनांमधून हसू उसळले. बोगोटात बाईमाणसाला आदराने दोन्या म्हणतात आणि व्यायाम शिकवणाऱ्यालाही प्रोफेसर. खोलीतल्या, एके काळी खरोखरच प्रोफेसर असलेल्या बाईने त्या संबोधनावर मान वर केली नाही. तिचा उजवा पाय टेबलाखाली पुढे गेला, मागे आला, डाव्याखाली दुमडला, पुन्हा सुटला. कंबरेतून निघालेली कळ टाचेपर्यंत जाऊन ठसठसत राहिली होती, आणि त्या पायाला ठेवायला जगात जागा उरलेली नव्हती.

बैठे काम करणाऱ्यांना सकाळी आणि दुपारी थोडा वेळ हालचाल करू द्यावी, असा देशाचा कायदा होता. त्या वेळेला सक्रिय विराम म्हणत. कंपनीने तो अक्षरशः पाळला. म्हणजे अक्षर तेवढे पाळले. हजेरी सक्तीची, कॅमेरा चालू, चित्रण जतन. लॅपटॉपच्या कोपऱ्यातला पानांचा आकडा मात्र विराम घेत नसे आणि मागे पडला की लाल होई. त्या मिनिटांत पाठ हलवायची की बोटे, हा निर्णय कंपनीने मोठ्या उदारपणे कर्मचाऱ्यांवरच सोपवला होता. कर्मचाऱ्यांनी तो आपल्या शहराच्या रीतीने घेतला. वरच्या मजल्यावर राहणारी सहकारी आमपारो सासऱ्यांना कॅमेऱ्यासमोर उभे करून चेहरा दिसू नये म्हणून त्यांना टोपी घाली. नोहोराला टोपीची गरज नव्हती. तिच्याकडे तिच्याच तोंडवळ्याची बहीण होती.

मागोला तुंहा शहरातून आली तेव्हा तिचा नवरा गेला होता आणि शिवणकामाचे दुकानही. आल्यापासून ती आपला लोकरी रुआना शालीसारखा पांघरून टीव्हीसमोर बसून असे. टीव्ही बंद असला तरी बसून असे. तिला विरामासाठी पहिल्यांदा उठवले, ते नोहोराने जवळजवळ ओढून. आता ती वेळेआधीच स्वेटर शोधू लागे.

नोहोराचे आयुष्य लॅटिन शिकवण्यात गेले होते. विभाग बंद करताना कुलगुरूंनी निरोपाच्या भाषणात लॅटिनला अमर भाषा म्हटले आणि खोलीच्या किल्ल्या मागून घेतल्या. एकाच ग्रंथाच्या अनेक नकलांमधून मूळ पाठ कोणता हे ठरवणे, हा तिचा विषय. आता यंत्र साक्षीदारांचे बोलणे ऐकून लिहून काढी आणि त्याने गिळलेले विराम ही विदुषी परत जागेवर ठेवी.

कामामुळे कंबर गेली आहे, उपचार आणि रजा मिळावी, असा अर्ज तिने केला होता. कंपनीच्या विमावाल्यांनी विरामांचे चित्रण मागवले, मन लावून पाहिले आणि कळवले की अर्जदार महिलेची लवचिकता इतर कर्मचाऱ्यांना अनुकरणीय आहे. त्यावर तिने हरकत घेतली. आज दुपारच्या विरामाआधी त्यांचा डॉक्टर फोनवरून तिला तपासणार होता. त्यानंतर निकाल, आणि निकालावर पुढे काही नाही.

जेवण झाल्यावर मागोलाने कॉफीचे दोन कप टेबलावर ठेवले.

"मी सांगते त्याला. मीच होते म्हणून."

"मग मला काढतील."

"आणि नाही सांगितलं तर? काल भिंत धरून न्हाणीघरात गेलीस. बघितलंय मी, सुमर्से." तुंहाकडचे हे संबोधन तिच्या तोंडून फक्त भीतीत किंवा लाडात येई.

"मीही बघितलंय. रविवारी पार्कात विरामातल्या त्या सगळ्यांबरोबर चीजचे पाव खाताना. गटावर फोटो आलाय. खाली लिहिलंय, 'नोहोरा म्हणजे आमचा जीव.'" नोहोराने चमचा कपाच्या कडेला समांतर ठेवला. "विद्यापीठात मला कुणी असं म्हणालं नव्हतं."

मागोला बशीकडे बघत राहिली.

"चांगली माणसं आहेत गं ती. मी आले नाही तर फोन करतात."

"कुणाला? मला?"

नोहोरा उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, बसली आणि लगेच पुन्हा उठली.

फोनवर आलेला डॉक्टर, उसेचे नावाचा, तरुण होता, आणि ज्याचा निकाल आधीच ठरला आहे अशा माणसाला साजेसा नम्र. मागोला स्वयंपाकघराच्या दारात, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी उभी राहिली.

"दोन्या नोहोरा, पुढे वाका बरं. पायांना हात लावा."

नोहोराने टेबलाची कड धरली. दुसरा हात गुडघ्यापर्यंत गेला आणि तिथेच अडला.

"व्हिडिओत लावता तसं."

"नाही होत."

"आज होत नाही." तो हसला. "रागावू नका, पण मी रोज बघतो. सोबत्यांसमोर ठणठणीत आणि डॉक्टरसमोर लंगडी. माणूस काहीही सांगतो. चित्रण खोटं बोलत नाही."

दारात मागोलाने एक पाऊल पुढे टाकले. नोहोराने तिच्याकडे न बघता हाताने तिला थांबवले. ती हळूहळू ताठ उभी राहिली, जितके ताठ राहता येत होते तितके, आणि बोलली तेव्हा आवाज तोच होता, ज्या आवाजात ती एके काळी दुसऱ्याचे उचललेले प्रबंध परत करत असे.

"डॉक्टर, तुमच्याकडे आहे ती नक्कल. मूळ तुमच्यासमोर उभं आहे."

"समजलं नाही."

"व्हिडिओत माझी बहीण आहे. पहिल्या दिवसापासून."

उसेचेने कागद पुढे ओढला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अवघड काम अचानक सोपे झालेल्या माणसाचे समाधान होते.

"मग त्या वेळात तुम्ही काय करत होता?"

"काम."

"म्हणजे कंपनीने विराम दिला होता आणि तुम्ही घेतला नाही." तो लिहू लागला. "स्वतःच्या जबाबदारीवर. वर कंपनीची दिशाभूल. हे असंच कळवावं लागेल मला."

"कळवा. वाक्य छान बसलंय."

फोन बंद झाला. मागोला दारातच होती. दोन्ही हातांनी तिने स्वेटरचा काठ मुठीत धरला होता.

"उपचारही गेले," ती म्हणाली. "आणि नोकरीही."

"हो."

"माझ्यामुळे."

"तू फक्त वाकलीस, मागोला."

फोन आपोआप पुन्हा उजळला. दुपारचा विराम. चौकोन भरू लागले, आणि कुणीतरी आत्ताच विचारत होते, नोहोरा कुठे राहिली.

"जा," नोहोरा म्हणाली.

"आता कशाला?"

"काढत नाहीत तोवर हजेरी सक्तीची आहे. आणि तुझी वाट बघतायत."

मागोला डोळे पुसत खिडकीशी गेली. नोहोरा सवयीने लॅपटॉपकडे वळली. कोपऱ्यातला आकडा लाल झाला होता. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. पाय पुन्हा चाळवला, पुन्हा जागा शोधू लागला. मग तिने खुर्ची टेबलाखाली सरकवली, भिंतीचा आधार घेत खोली ओलांडली आणि बहिणीच्या मागे जाऊन थांबली. पडद्यावर एका नावावर दोन चेहरे आले.

"दोन्या नोहोरा, मागे कोण आहे हो?" विल्मारने विचारले.

मागोलाने खांद्यावरून मागे पाहिले. नोहोराने भुवईही हलवली नाही.

"माझी थोरली बहीण," मागोला म्हणाली. "हिला सवय नाही. शिकतेय अजून."

"या या, दोन्या. लाजू नका, इथे सगळे असेच आहोत. हात वर घ्या. जमेल तेवढाच."

नोहोराने हात उचलला. तो खांद्याशी येऊन थांबला. आणखी वर न्यायला तिला कुणी सांगितले नाही.