रेवडीचा डावा पाय

रेवडी आमची घोडी. तिचा पुढचा डावा पाय गुडघ्याखालून बाहेर वळलेला, जन्माचाच. मी हौसेने तिला घेत होतो तेव्हा बायको, सुमन, म्हणाली होती, "अहो, आधी पाय तर देखा." मी देखला नाही. आमचे खापरपणजोबा सरकारी पागेवर होते, त्यामुळे घोड्यातलं मला कोणी शिकवलेलं खपत नाही.

दुडक्या चालीला ती जरा लंगडायची. डोकं वरखाली व्हायचं, एवढंच. जनावरांची डॉक्टर शर्वरी हिने दोन वर्षं तिला छान सांभाळलं होतं. दर पाच आठवड्यांनी खूर घासायचे, मऊ मातीवरच फिरवायचं, अंगावर चरबी चढू द्यायची नाही. "काका, पाय सीधा करायच्या भानगडीत पडू नका," ती बजावायची. "तो असाच बनलाय. त्याला त्रास कमी कसा होईल, तेवढं बघा."

मग सौमित्रचं, माझ्या मुलाचं, लग्न ठरलं. नवरदेव घरच्या घोडीवर बसणार, असं मी आमच्या अख्ख्या फ्रीगंज मोहल्ल्याला सांगून बसलो. लग्नाच्या सकाळी शर्वरी तिला चालवून बघणार होती. लंगडली तर बसायचं नाही, हे ठरलेलं. आणि आदल्या संध्याकाळी रेवडी साध्या चालीलाही लंगडली. पागेवाल्यांची घोडी लंगडी निघाली असं लोक म्हणतील, या विचाराने माझी अक्कल चरायला गेली. सकाळी सहाला मी दुखण्याची गोळी गुळात घालून तिला चारली. नऊला शर्वरी आली. पाय चाचपून झाला, चाल बघून झाली. "बढिया," ती म्हणाली. "अर्धा तास, फक्त चालवा. नाचवायची नाही."

तिची स्कूटर वळली आणि मला भीतीने गाठलं. गोळीने पाय बरा होत नाही, नुसतं दुखणं कळेनासं होतं. दुखलं नाही की जनावर पाय जपत नाही, नको तिथे पुरता भार टाकतं. हे शर्वरीनेच मला कधीतरी समजावलं होतं. आणि त्या पायाच्या वर माझा मुलगा बसणार होता.

चारला बारात निघाली. मृण्मयीने, सौमित्रच्या बहिणीने, रिवाजाप्रमाणे रेवडीला भिजवलेली चण्याची डाळ खाऊ घातली. बायका हसत होत्या. लगाम धरून मी चालत होतो आणि नजर डाव्या खुरावरून हलत नव्हती. खाली डांबर. एकेक टाप मी मोजत होतो. आता सांगावं, पुढच्या वळणावर सांगावं, असं करत टावर चौक आला.

तिथे ढोलवाले अडून बसले. माझा भाचा विहंग ओरडला, "मामा, अब तो घोडी नचाओ." मी नाही म्हणेपर्यंत ढोल सुरू झाला आणि रेवडीने आधीच्या मालकाकडे लागलेल्या सवयीने नाचायला पाय उचलला. टेकवताना तो बाहेर सरकला, जेमतेम चार बोटं. ती सावरली. वर सौमित्र हसत होता, त्याला काही कळलंच नव्हतं. मला मात्र तो रस्त्यावर पडलेला दिसला.

"उतर," मी म्हणालो.

"बाबा, मध्येच? लोग क्या कहेंगे?"

"उतर म्हणतो ना. तिला गोळी दिलीय मी, सकाळीच. शर्वरीला फसवलं."

ढोल थांबला. सौमित्र उतरला. त्याने माझ्या हातातून लगाम काढून घेतला, शर्वरीला फोन लावला आणि फोन माझ्यापुढे धरला. "तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.

"तिला तिथून हलवू नका, मी येते," ती म्हणाली. मग हळूच, "काका, सकाळी मी तिचा पाय हातात घेतला तेव्हा तुम्ही शेजारीच उभे होता."

"होतो," मी म्हणालो.