उशाशी उभा पुठ्ठा

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे, फ्रिजच्या खोक्यातून कापलेला. न्यूयॉर्कच्या बर्निसने मला थडग्याच्या दगडासारखा वरून गोल आकार दिला. एड्सचे दिवस होते. माणसं भराभर जात होती, औषधं मंजुरीसाठी सरकारी कचेऱ्यांत अडकली होती आणि सरकार गप्प होतं. म्हणून बर्निस आणि तिची मित्रमंडळी निषेधाला भर रस्त्यात मेल्यासारखी आडवी व्हायची. प्रत्येकाच्या उशाशी माझ्यासारखा एक पुठ्ठा, त्यावर गेलेल्या मित्राचं नाव.

माझ्यावर बर्निसने लिहिलं, 'अँसेल्मो वेगा'. कोणीतरी फोनवर म्हणालं होतं, "वेगाही गेला." तिने सुस्कारा सोडला आणि ब्रश उचलला. खात्री करावी असं तिच्या मनातही आलं नाही, इतकी मरणाची सवय झाली होती.

मोर्च्याच्या सकाळी लोक माझी अक्षरं वाखाणत होते. मी ताठ उभा होतो. तेवढ्यात एक चाकांची खुर्ची समोर थांबली. खुर्चीत काडीसारखा माणूस, मनगटावर इस्पितळाची पट्टी.

"अक्षर सुरेख आहे गं बर्निस," तो म्हणाला. "जरा घाई झाली, एवढंच."

"अँसेल्मो! अरे, मला फोनवर..."

"फोनवर! चार गल्ल्या पलीकडे पडलो होतो मी. वाटलं, बाई सूप घेऊन येईल. बाई इथे माझं थडगं रंगवतेय!"

ती मान खाली घालून रडू लागली आणि मला फाडायला धावली. मलाही तेच हवं होतं. जिवंत माणसासमोर त्याचं थडगं होऊन कसं उभं राहायचं?

"थांब," तो म्हणाला. "फुकट का घालवतेस? रंग आण."

माझ्यावरच्या नावाखाली त्याने लिहिलं, 'अजून आहे. औषध द्या.' मग खुर्चीतून उतरून तो माझ्याच पायथ्याशी आडवा झाला.

त्यानंतर बर्निस रोज सूप घेऊन जायची. हिवाळ्यात तो गेला. चांगलं औषध त्याच्यानंतर आलं. 'अजून आहे' मात्र तिने कधी खोडलं नाही.

आता मी तिच्या कपाटामागे असतो, ओलीने फुगलेला. पोरं येऊन मोठ्या अक्षरांचं कौतुक करतात. ती आपल्या अक्षरांवर तळवा ठेवते आणि म्हणते, "ते नको. खालचं वाचा."

मित्रांनो, मी पुठ्ठा, कुजणारच. मला जपू नका. पण कोणाला गेलेल्यांत धरण्याआधी एकदा त्याचं दार वाजवा. आणि जाताना हातात काहीतरी गरम असू द्या.