दुसऱ्या भागाचं शेवटचं पान

मी भाग दुसरा बोलतोय. पहिला नाही, तिसरा नाही, मधला. घरात मधलं पोर असतं ना, ज्याचे फोटो कमी आणि ज्याला मार जास्त, तसला.

आधीच सांगून ठेवतो, मला वाचता येत नाही. हसा खुशाल. पोटात तीनशे बारा पानं आहेत आणि त्यातलं एक अक्षर कळत नाही. तुम्हाला तरी तुमच्या पोटात काय चाललंय ते दिसतं का? कुणी मोठ्यानं वाचलं तरच माझी गोष्ट मला समजते. मनातल्या मनात वाचणारी माणसं मला आवडत नाहीत. मध्येच दचकतात, तोंडावर हात ठेवतात, आणि मी आपला अंधारात, की झालं काय?

जन्म माझा परदेशातल्या छापखान्यात. उत्तरेच्या थंड समुद्रातल्या आमच्या फॅरो बेटांवर माणसं किती, तर मोठ्या शहराच्या एका पेठेत मावतील एवढी. म्हणून माझ्या प्रती छापल्या फक्त सहाशे. खोक्यात भरून बोटीनं आणलं, ते डोकं खाली, पाय वर. अजून माझी पहिली दहा पानं जरा वाकडीच उघडतात.

गावच्या वाचनालयात माझी सोय झाली. पाठीवर लिहिलंय ‘मिठाची भिंत’, खाली ‘भाग दुसरा’. हे मला लोकांच्या तोंडून कळलं. कव्हरावर एक पोरगी आहे, केस उडालेले, मागं आग लागलेली, पायात बूट नाहीत. आमच्याकडच्या वाऱ्यात अशी बिनबुटाची उभी राहिली तर आई आधी कानाखाली देईल, मग आग विझवेल.

माणसं काय काय करतात माझ्याबरोबर! कुणी आंघोळीच्या टबात नेलं. कुणी खूण म्हणून सुक्या मासळीचं कातडं ठेवलं, तो वास अजून एकशे चाळीसाव्या पानात राहतो. पोस्टातली एक बाई यायची, उभ्या उभ्या माझं शेवटचं पान वाचायची, हसायची आणि मला जागेवर ठेवून द्यायची. असल्यांना जेवणाआधी ताट चाटायची सवय असते.

आणि वाचून झालं की सगळे एकच विचारायचे, तिसरा कुठाय? वाचनालयवाली म्हणायची, येईल. एक वर्ष झालं, दोन झाली, तीन झाली. शिव्या कुणी खाल्ल्या? मी.

मग मला रनवानं नेलं. सोळा वर्षांची पोरगी, आजोबांकडे राहायची. आजोबांचं नाव दान्याल. चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटींवर काढलेली, आता गुडघे गेलेले आणि जीभ शाबूत. रनवा स्वयंपाकघरात बसून मोठ्यानं वाचायची. माझं नशीब फळफळलं म्हणा. दान्याल ओट्यापाशी वाऱ्यात वाळवलेल्या मटणाचे काप काढत म्हणायचा, मी ऐकत नाहीये हां. पण पोरीनं जागा चुकवली तर म्हाताऱ्याला बरोब्बर कळायचं.

माझी गोष्ट तशी सोपी. एक देश आहे, तिथं कुणाचं लग्न कुणाशी हे सरकार ठरवतं. यावर दान्याल म्हणाला, त्यात काय मोठंसं, माझं तुझ्या पणजीनं ठरवलं आणि पणजीपुढं सरकार बरं. तर त्या देशात नेरा नावाची पोरगी आणि कोल नावाचा पोरगा. सरकारनं दोघांना वेगवेगळ्या दावणीला बांधलेलं. ते पळतात. तीनशे पानं पळतात. दान्यालची तक्रार एवढीच, की ही पोरं जेवतात कधी.

रनवाला तिसरा भाग हवा होता तो आमच्याच भाषेत. डॅनिशमध्ये केव्हाच आलाय, तो वाच की, असं दान्याल म्हणायचा. बेटं डेन्मार्कच्या राज्यातली, म्हणून शाळेतल्या पोरासोरांना डॅनिश येतं. पण तिचं म्हणणं, डॅनिशमध्ये ही दोघं एकमेकांशी बोलायला लागली की पाद्री आणि हेडमास्तरीण बोलतायत असं वाटतं. तिचा कोल आपल्या भाषेत बोलणारा होता. त्याचं पुढं काय झालं ते तिला त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं.

एका शनिवारी दुपारी ती शेवटच्या पानावर आली. गोष्टीत जानेवारी महिना, समुद्र उसळलेला, लहानशी होडी, दोघं त्यात. होडी भरायला लागते. नेराला जगवायला, होडीचं ओझं कमी व्हावं म्हणून, कोल आपल्या कमरेचा दोर कापतो आणि पाण्यात उडी घेतो. पाव तास नेरा त्याला हाका मारते. मग पाण्यातून हात वर येतो, होडीला लोंबणारा दोर पकडतो, कोल होडीत चढतो आणि तिचा मुका घेतो. लांबून सरकारच्या बोटीचे दिवे दिसतात. भाग दुसरा समाप्त.

रनवाचे डोळे भरले. मी पण फुगलो, म्हटलं, काय झकास शेवट आहे माझा.

दान्यालनं सुरी खाली ठेवली.

“कुणी लिहिलंय हे?”

“का?”

“जानेवारीत पाव तास पाण्यात? अंगात लोकरी स्वेटर? अगं, दहा मिनिटांत बोटं लाकडाची होतात. दोर धरता येत नाही. आणि हा वर येऊन मुका घेतो? ओठ हलायला नकोत?”

“आजोबा, गोष्ट आहे ती.”

“गोष्ट आहे ते मलाही कळतं. सबंध पुस्तकात लिहिणाऱ्यानं समुद्र बरोबर सांगितलाय. वारा बरोबर, लाट बरोबर, होडी भरते कशी तेही बरोबर. आणि शेवटच्या पानावर अचानक येडा झाला? हे दुसऱ्याच कुणाचं तरी आहे.”

म्हातारा इरेला पेटला. पोरगीही त्याचीच नात. पैज लागली, टांगलेल्या मटणाच्या अख्ख्या तंगडीवर. रनवानं शहरातून मूळ डॅनिश पुस्तक मागवलं, माझाच भाऊ, भाग दुसरा. चार दिवसांनी तो टेबलावर माझ्या शेजारी येऊन पडला. जाड कागद, गुळगुळीत कव्हर, जरा शिष्टच. दान्याल औषध आणायला गेला होता. रनवानं सरळ शेवटचं पान काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागली.

कोल दोर कापतो. पाण्यात उडी घेतो. नेरा हाका मारते. हाका मारते. हाका मारते. पाणी सपाट होतं.

समाप्त.

रनवा थांबली. पान उलटलं, मागं कोरं. परत वाचलं. मग मला उघडलं, माझं शेवटचं पान वाचलं, मग त्याचं. मी तर खिळून गेलो हो! सख्खे भाऊ आम्ही, एका बाईच्या लेखणीतून आलेले. त्याच्या पोटात पोरगा मेलेला आणि माझ्या पोटात जिवंत! तीन वर्षं छाती काढून फिरलो, अख्ख्या गावाला मुका दाखवला, आणि मी खोटा? मला कुणी सांगितलं सुद्धा नाही. सांगणार कोण? मला विचारलं असतं तर शपथ घेतली असती मी, की कोल वर आला, मी स्वतः ऐकलंय म्हणून.

रनवानं माझं पहिलं पान काढून वाचलं, तिथं लेखिकेच्या नावाखाली दुसरं एक नाव आहे. आमच्या भाषेत मला आणलं त्या बाईचं, सुन्नेवा. आमच्याकडं भाषांतर करणारा माणूस म्हणजे काही देव नाही, त्याचं घर सगळ्यांना माहीत असतं. रनवानं मला आणि माझ्या भावाला पिशवीत घातलं आणि समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी बस पकडली. वाटेत माझा भाऊ माझ्याकडं बघत नव्हता.

सुन्नेवा सत्तरीची, उंच, हातात विणकाम. रनवानं नमस्कार-चमत्कार काही केला नाही. दोन्ही पुस्तकं उघडी करून पुढ्यात ठेवली.

“आजी, तुम्ही त्याला वर काढलंत.”

बाईच्या सुया थांबल्या. बाईनं कॉफी ओतली, साखर दोनदा घातली, मग म्हणाली, बस.

मग जे कळलं ते असं. सुन्नेवा तीस वर्षं किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रात होती. वादळात बोटी तिच्याशी बोलायच्या. कोण आलं, कोण नाही, हे घरोघर फोन करून तीच सांगायची. एकदा एक पोरगा, एकोणीस वर्षांचा, बोट कलंडलेली, आत एकटा अडकलेला. तो बोलत राहिला, ही ऐकत राहिली. मदत दोन तासांवर होती. तो थंडी वाजते म्हणाला, मग झोप येते म्हणाला, मग काहीच नाही. ही तरी बोलत राहिली. सकाळी त्याच्या आईला फोन हिनंच केला.

“निवृत्त झाले तेव्हा ठरवलं, आता कुणी गेल्याचं सांगायचं नाही,” ती म्हणाली. “आणि हे पुस्तक आलं. शेवटच्या पानापर्यंत छान चाललं होतं. त्या पानावर बसले आणि सहा दिवस हात चालेना. सातव्या दिवशी त्याला होडीत घातला.”

“आणि कुणाला कळलं नाही? मूळ पुस्तकाशी कुणी ताडून पाहिलं नाही?”

“कशाला पाहतील? तीस वर्षं माझ्या तोंडून जे ऐकलं ते खरंच निघालं.”

हे ऐकून माझी शिवण सैल झाली. अख्ख्या बेटानं जिच्या शब्दावर मयतं केली, तिनं एकदाच खोटं सांगितलं, आणि ते माझ्या पोटात ठेवलं!

“मग तिसरा?” रनवानं विचारलं.

“तिसऱ्यात तो पहिल्या ओळीपासून मेलेला आहे. आणि माझा इथं ओला होऊन बसलाय, मुका घेतोय. त्याचं करू काय? तापानं मारून बघितला, कड्यावरून ढकलून बघितला. एकदा तर त्याला कॅनडाला पाठवला. नेरा म्हणते तो समुद्रात गेला, आणि हा कॅनडातून पत्रं लिहितोय.”

रनवाला हसू फुटलं. मग बाईलाही. मग बाईचं हसू मध्येच तुटलं, आणि ती खिडकीकडे तोंड करून बसली. म्हणाली, तू आता सांगणार असशील सगळ्यांना. सांग. तुझा हक्क आहे.

पोरीपुढं दोन वाटा होत्या, मला दिसत होत्या. सांगितलं तर बाईचा शब्द गेला. नाही सांगितलं तर तिसरा भाग कधीच येत नाही, आणि तिचा कोल तसाच ओला, मुका घेत, जन्मभर.

रनवानं दप्तरातून वही काढली, डॅनिश पुस्तक जवळ ओढलं.

“तुम्ही काही सांगू नका,” ती म्हणाली. “मी लिहिते. चुकले तर फक्त थांबवा.”

आणि ती एकेक ओळ आपल्या भाषेत मोठ्यानं लावायला लागली. अडखळत. कोल दोर कापतो. बाई गप्प. कोल उडी घेतो. बाई गप्प, सुया हातात तशाच. नेरा हाका मारते. शेवटच्या ओळीला पोरीनं आपल्या मनानं जोडलं, कोल बुडाला.

“थांब,” सुन्नेवा म्हणाली.

रनवानं पेन उचललं.

“बुडाला नको लिहूस. मुळात पण नाहीये ते. आम्ही सुद्धा आईबापांना तसं कधी म्हटलं नाही. पाणी सपाट झालं, एवढं लिही.” मग वहीकडं बघत, “हाका तीनदा लिहिल्यास का?”

“दोनदा.”

“तीनदा लिही. तीनदा असतात. चौथ्यांदा नुसतं तोंड उघडतं.”

मग बाईनंच वही ओढली आणि ते पान पहिल्यापासून लिहून काढलं. या वेळी हात थांबला नाही. रनवानं कागद कापला आणि डिंक लावून माझ्या शेवटच्या पानामागं चिकटवला. गार डिंक, मला शहारा आला. आता माझ्या पोटात कोल आधी वर येतो, आणि मग येत नाही.

घरी तिनं दान्यालला ते पान वाचून दाखवलं. पैज त्यानं जिंकली होती, पण तंगडीचं नाव काढलं नाही. कुणी लिहिलं म्हणून विचारलं. सुन्नेवाआजींनी, असं रनवा म्हणाली.

“रेडिओवाली सुन्नेवा?” त्यानं टोपी काढली, परत घातली. “तिचा आवाज ओळखतो मी. तो आवाज आला की बोटीवर कुणी बोलायचं नाही.” आणि परत मटणाचे काप काढत, “ती नेरा मग एकटी वल्हवते का?”

ते मला विचारू नका, मी मधला. पण दर शनिवारी रनवा बोगद्यापलीकडं जाते. तिसऱ्याची चाळीस पानं झाली, असं कानावर आलंय. माझ्या बाकीच्या पाचशे नव्व्याण्णव प्रतींचं काय करायचं, हे सुन्नेवा प्रकाशकाला स्वतः कळवणार म्हणते. धाडसाची बाई.

मी वाचनालयात परत आलोय. वाचनालयवालीनं चिकटवलेलं पान बघितलं, वाचलं, चष्मा पुसला आणि शिक्का मारला. त्यानंतर मला अकरा जणांनी नेलं. सगळ्यांचं सारखंच. मुका वाचून सुस्कारा सोडतात, मला मिटणार एवढ्यात बोटाला जाड कागद लागतो, पान उलटतात, आणि पाणी सपाट होतं. मग हळूच नख येतं. त्या पानाचा कोपरा अकरा नखांनी उकरून पांढरा झालाय. पोस्टातल्या बाईनं तर अर्धा इंच सोलला सुद्धा.

पण फाडलं कुणी नाही. सोलतात, थांबतात, आणि अंगठ्यानं दाबून परत बसवतात.

तुमच्या हातात आलो तर तुम्ही पण उकराल, मला माहितीय. उकरा बापडे. फक्त दाबताना जरा जोरात दाबा.