तेवीस सेंटिमीटर

पदवीला भूगोल घेतला म्हटल्यावर काका म्हणाले होते, "म्हणजे तीन वर्षं राजधान्या पाठ करणार?" मी त्यांना काय उत्तर दिलं ते सोडा; राग माझ्या नाकावरच असतो. राजधान्या आम्हाला कुणी विचारत नाही. आम्ही कॉलेजच्या मैदानाचे चढउतार मोजतो. एकीने तिपाईवरच्या दुर्बिणीतून आकडा वाचायचा, दुसरीने आकड्यांची उंच पट्टी सरळ उभी धरायची. फाटकाजवळच्या दगडापासून निघायचं, मैदानाला फेरी मारून त्याच दगडावर परत यायचं. दगडाची उंची होती तेवढीच भरली पाहिजे.

आमची भरली नाही. ऐन परीक्षेत दगड तेवीस सेंटिमीटर वर चढला होता.

माझी जोडीदारीण मावशी. वय अडतीस, म्हणून सगळा वर्ग तिला मावशीच म्हणतो. सकाळी कॉलेज, दोनपासून कपड्यांच्या कारखान्यात शिलाई. या महिन्यात दोनदा उशीर झाला होता. तिसऱ्यांदा झाला की घरी बसवणार होते. साडेबारा वाजून गेले होते आणि पुन्हा मोजायचं तर दोन तास हवेत.

"कुठं चुकलं गं?" तिने विचारलं.

"कुठं नाही. तू पाणी पिऊन ये."

ती गेल्यावर मी दोन आकडे रबराने खोडून बदलले. बेरीज चोख बसली.

सरांनी वही पाहिली, मग आमच्याकडे पाहिलं. "वीस वर्षं हेच शिकवतोय. चार-दोन मिलिमीटर सगळ्यांचेच चुकतात. तुमची चूक शून्य?" त्यांनी पान खिडकीकडे तिरपं धरलं. खोडलेल्या आकड्यांचे वळ स्पष्ट दिसत होते. "तेवीस सेंटिमीटर चुकलात तरी गुण कापून पास केलं असतं."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. मावशीचा चेहरा पार उतरला. मला तिच्याकडे बघवेना.

"सर, हिला काही माहीत नाही. मी केलं."

सरांनी वही मिटली. मग मावशीला म्हणाले, "तुम्ही पास. जा तुम्ही." आणि मला, "तू पाचच्या आत पुन्हा मोजून दे. नाहीतर पुढल्या वर्षी."

"एकटीने? पट्टी कोण धरणार?"

"ते तू बघ."

वर्गातले सगळे कधीच घरी गेले होते. तिपाई खांद्यावर टाकून मी मैदानात आले, तर मावशी दगडावर पट्टी उभी करून तयार.

"मावशी, दीड वाजला. तू निघ."

"आकडे कुणासाठी बदललेस?"

"तसं काही नाही."

"मग वाच."

मी दुर्बिणीला डोळा लावला. मला इतकं भरून आलं होतं की एक आकडा धड दिसेना.

"आधी डोळे पूस," ती तिकडून ओरडली. "चुकीच्या आकड्यासाठी नोकरी घालवत नाहीये मी."